भिंतीवरची काचपट्टी

जूनचा पहिला आठवडा. उज्जैनच्या टॉवर चौकाकडे फिरायला निघण्याआधी मी रोज घराच्या मागच्या भिंतीपाशी जरा थांबतो. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक भेग तिरकी उतरत जोत्यापर्यंत गेली आहे. वडिलांनी तिच्यावर बोटभर रुंदीची काचेची पट्टी आडवी बसवली होती, दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा लावून. भिंत हलली की काच तडकते. मग वडील शेजारी पेन्सिलीने तारीख लिहायचे आणि नवी पट्टी बसवायचे. त्यांच्यामागे ते काम माझ्याकडे आलं. भिंतीवर आता नऊ तारखा आहेत, त्यातल्या सात मे-जूनमधल्या. आज सकाळी पट्टी पुन्हा मधोमध तडकलेली दिसली.

दोष भिंतीचा नाही. आमच्या फ्रीगंज भागाच्या पायाखाली माळव्याची काळी माती आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि सह्याद्रीपासून माळव्यापर्यंत एकच काळा कातळ पसरला. पुण्यात पर्वतीला जो दगड आहे, त्याच्याच जातीचा दगड महाकाळाच्या नगरीखाली आहे. शिंद्यांच्या मागोमाग इकडे आलेल्या मराठी घरांना भाषा नवी होती, माती मात्र ओळखीची होती.

हा कातळ झिजून जी माती होते, तिच्यातल्या चिकणमातीचे कण पत्त्यांच्या कॅटासारखे असतात, पापुद्र्यावर पापुद्रा. पावसाचं पाणी त्या पापुद्र्यांमध्ये शिरतं आणि माती फुगते, इतकी की घराचा कोपरा उचलला जातो. उन्हाळ्यात ती आकसते आणि शेतात मनगटापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. पाणी धरून ठेवणारी हीच माती माळव्याला गहू देते, हेही विसरून चालणार नाही. आमचे म्हातारे मिस्त्री वडिलांना सांगत होते, काळ्या मातीवर घर टेकवू नका, खाली मुरूम लागेपर्यंत खणा. पैसे कमी पडले आणि पाया हातभर वरच थांबला. त्या हातभर मातीचा हिशेब भिंत दर उन्हाळ्यात मांडते.

सवड असली की मी गढकालिकेच्या देवळाकडे जातो. जुनी अवंती तिथे, आजच्या शहराच्या उत्तरेला, क्षिप्रेच्या काठी होती. आज दिसतात ती टेकाडं. अनोळखी माणसाला ती नैसर्गिक वाटतील; पण पावसाने कड धुतली की विटांचे तुकडे आणि खापऱ्या उघड्या पडतात. माणसं राहिली, घरं पडली, त्यांवर पुन्हा घरं उठली, आणि शतकानुशतकं असं होत होत जमिनीलाच उंची आली. 1955 नंतरच्या उत्खननांत इथे मातीचा प्रचंड तट सापडला, आणि नदीच्या अंगाला पाण्याचा मार अडवण्यासाठी घातलेले लाकडी ओंडके. नदी वळणाच्या बाहेरच्या काठाला कुरतडते आणि आतल्या काठाला गाळ टाकते, हे आपण भूगोलाच्या पुस्तकात वाचतो. ते ओंडके रचणाऱ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं असणार.

हे जुनं शहर मातीखाली कसं गेलं, याची एक दंतकथा आहे. गंधर्वसेन राजा शापाने गर्दभरूपात होता. त्याचं कातडं जाळलं गेलं आणि नगरीवर मातीचा पाऊस पडला. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हंटर नावाचा डॉक्टर इथे आला, तेव्हा लोकांनी त्याला ही कथा सांगितली. पंधरा-अठरा फूट खणलं की अखंड विटांच्या भिंती लागतात, असं त्याने लिहून ठेवलं. भूकंप, पूर, वाऱ्याने आलेली धूळ अशा शक्यतांवर तेव्हापासून पुष्कळ खल झाला. मला ती कथा लहानपणी निव्वळ कल्पना वाटायची. आकाशातून माती कशी पडेल?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे मराठवाड्यात ती पडली. माझी मावशी औशाची. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपली होती, आणि चारला चार-पाच मिनिटं असताना किल्लारी भूकंपाने हादरली. दख्खनचा कातळ जुना आणि स्थिर, इथे मोठा धक्का बसायचा नाही, असंच तोवर बहुतेकांच्या मनात होतं. मावशी नंतर कित्येक वर्षं एकच गोष्ट सांगायची, ती माळवदांची. लाकडी तुळयांवर मातीचं छत. गळू लागलं की वर आणखी माती पसरायची, पुढच्या वर्षी आणखी. उन्हाळ्यात त्या छताखाली गारवा असायचा. आजोबांनी टाकलेली माती, त्यावर वडिलांची, त्यावर मुलाची. दगड आणि चिखलाच्या भिंती हलल्या तेव्हा तो तीन पिढ्यांचा थर झोपलेल्यांवर एकदम उतरला.

गढकालिकेच्या टेकाडावर उभा राहिलो की मला ती माळवदं आठवतात. तिथल्या एखाद्या घरातही कुणी दर चैत्रात छतावर टोपलीभर माती नेत असेल.

आमच्या घराच्या मागच्या भिंतीलगत कडुनिंब आहे, तो मुळांनी उरलीसुरली ओल ओढून घेतो. जोत्याभोवती उताराची फरसबंदी करून घ्यायची, म्हणजे पावसाचं पाणी एकाच जागी पायाशी मुरणार नाही, असं मिस्त्रींच्या मुलाने सुचवलं आहे. पुढच्या आठवड्यात तो फरशा घेऊन येईल. पाऊस लागला की भेग पुन्हा मिटत येईल, केसाएवढी राहील. मी पेन्सिलीला टोक केलं, दहावी तारीख लिहिली आणि जुन्या खिडकीच्या काचेतून नवी पट्टी कापायला बसलो.