विस्तुलाकाठचं न झालेलं स्कॉटलंड

‘जर-तर’चा इतिहास रंगवणाऱ्यांना लढाया फार आवडतात. १६९० साली आयर्लंडमधल्या बॉइनला राजा जेम्स जिंकला असता तर? १७४६ साली स्कॉटलंडमधल्या कलोडनला हायलँडर टिकले असते तर? लढाईचा निकाल फिरवला की काम भागतं. पण जे पाठीवर गाठोडं टाकून निमूट देश सोडून गेले, त्यांच्यासाठी कोणता निकाल फिरवायचा?

सतराव्या शतकात ॲबर्डीन-डंडीकडची तरुण पोरं समुद्र ओलांडून ग्दान्स्कला उतरत आणि कापड, कात्र्या, सुया विकत पोलंडची खेडी पालथी घालत. विल्यम लिथगो हा प्रवासी तिथे ३०,००० स्कॉट कुटुंबं असल्याचं सांगतो. आकडा फुगवलेला असणार, पण वस्ती मोठी होती हे खरं. त्याआधीच, १५७६ मध्ये, राजा स्टेफान बाथरीने त्यांच्यातल्या काहींना दरबाराला माल पुरवायचा हक्क दिला होता. ॲबर्डीनजवळून आलेला अलेक्झांडर चाल्मर्स तर चार वेळा वॉर्साचा महापौर झाला. त्यांची बंधुमंडळं होती. भोवती कॅथलिक आणि यांच्यात कॅल्विनपंथी पुष्कळ, म्हणजे वेगळं राहायला कारणही होतं. तरी काही पिढ्यांत सगळे पोलिश, नाहीतर जर्मन झाले. हे कसं?

आयरिशांचं तसं कोडं नाही. १६९१च्या लिमरिक तहानंतर हजारो सैनिक फ्रान्सला गेले. कॅथलिकांत कॅथलिक मिसळले. पुढे मॅकमहोन फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झाला, ओ’डॉनेल स्पेनचा पंतप्रधान. आयरिश उरलं ते आडनावापुरतं.

स्कॉटांच्या कोड्याचं उत्तर मला त्यांच्याच शेजारी सापडतं. विस्तुला नदीच्या मुखाशी दलदल होती. ती उपसायला नेदरलँड्सकडून मेनोनाइट पंथाचे शेतकरी आले, सोळाव्या शतकात. बायकामुलांसह आले, जमीन कसली, आपापली गावं केली. त्यांचा पंथ तिथे १९४५ पर्यंत टिकला. स्कॉट आले ते बहुतेक एकटे, आणि फेरीवाला गाव वसवत नाही. त्याचं लग्न जिथे दुकान थाटलं तिथल्या मुलीशी, आणि पोरं आईच्या भाषेत बोलणार.

म्हणून माझा ‘जर’ रणांगणावर नाही. १६०९ नंतर अल्स्टरमध्ये जप्त केलेल्या जमिनी वाटल्या गेल्या आणि स्कॉट कुटुंबं घरदार घेऊन तिकडे गेली. ती जमीन आयर्लंडऐवजी विस्तुलाकाठी मिळाली असती, तर? प्रेस्बिटेरियन चर्च असलेली स्कॉट खेडी तिथे नक्की उभी राहिली असती. पण १७७२ मध्ये तो मुलूख प्रशियाने गिळला. डच बोलणारे मेनोनाइटही अखेर जर्मन बोलू लागलेच होते. आमचे काल्पनिक स्कॉट तरी वेगळं काय करणार होते? १९४५ साली मॅकडोनाल्ड नावाची जर्मन कुटुंबंही निर्वासितांच्या तांड्यांत पश्चिमेकडे निघाली असती. अल्पसंख्याक टिकला की त्याचं भलंच होतं, ही समजूत इथे टिकत नाही.

प्रत्यक्षात पोलंडकडची वाट १७७२च्या आधीच ओस पडली होती. युद्धांनी पोलंड खंगला, अल्स्टर जवळचं होतं, आणि इंग्लंडशी झालेल्या १७०७च्या एकीकरणाने त्याच्या वसाहती स्कॉटांना खुल्या झाल्या. एल्फिन्स्टन, माल्कम, ग्रँट डफ हे तिघंही स्कॉट, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतून आपल्याकडे पोचलेले. त्यातला ग्रँट डफ बॅन्फचा, म्हणजे पोलंडला फेरीवाले धाडणाऱ्या त्याच ईशान्य पट्ट्यातला. पोलंडची वाट तशीच वाहती राहिली असती, १७०७ घडलं नसतं, तर १८२६ साली मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत छापणारा कुणी दुसराच असता.