दैव पाचवं

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, करणं, चेष्टा आणि दैव. दैवाचा नंबर शेवटचा. आमच्याकडे मात्र ते पहिल्या पाटावर येऊन बसतं, आणि एकदा ते बसलं की बाकीच्या चौघांची विचारपूसही कोणी करत नाही. मी उभी नोकरी हिंगण्याला, एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत काढली. तिथे जॉबकार्डावर ‘या गाडीचं नशीबच खराब’ असं लिहिता येत नसे. निवृत्तीनंतर गीतेच्या वर्गाला जाऊ लागलो तेव्हा ही पाच कारणांची यादी मला जॉबकार्डासारखीच वाटली. शंकराचार्य तर दैवाचा अर्थही नशीब असा करत नाहीत. डोळ्याला सूर्य, तशा इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या देवता, असा त्यांचा अर्थ आहे. ज्ञानेश्वरांनीही तोच धरला. म्हणजे दैव हेसुद्धा एक काम करणारं कारण आहे, हात झटकायची जागा नाही.

हे सगळं नीट समजायला मला एक कॉन्टेसा उपयोगी पडली. गाडी एका वकीलसाहेबांची. हिंदुस्थान मोटर्सनं ही गाडी 1984 साली उत्तरपाड्याहून बाजारात आणली, अंगकाठी इंग्लंडातल्या व्हॉक्सहॉलची. सुरुवातीला इंजिन अँबॅसडरच्या जातीचं होतं, पुढे 1.8 लिटरचं इसुझू आलं. वकीलसाहेबांच्या हाती येईपर्यंत तिच्यात कोणीतरी टोयोटाचं इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून टाकला होता. (आरसी बुकात त्याची नोंद आहे का, हे मी विचारलं नाही. वकिलाला कायदा कोण विचारणार?) तक्रार अशी: “काका, गाडी नुसती बोंबलून राहिली, पुढे जाऊनच नाही राहिली जी.” रामटेकच्या गडाचा चढ लागला की आरपीएमचा काटा चार हजारावर आणि गाडी बैलगाडीच्या मागे.

त्यांनी आधी एका ज्योतिषाला विचारलं होतं. दुपारीच गाडी दगा देते हे ऐकून त्यानं राहुकाळ सांगितला. दर शनिवारी शनीला तेल सुरू झालं. गिअरबॉक्सचं तेल मात्र गाडी घेतल्यापासून कोणी बघितलं नव्हतं.

ज्योतिषाचं निरीक्षण खोटं होतं असं मी म्हणणार नाही. दुपारी गाडी घसरायची, हे खरंच होतं. घोटाळा अनुमानात होता. नैयायिकांनी याला फार जुनं उदाहरण दिलं आहे: जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हणून चालत नाही, कारण धुराला ओलं सरपण लागतं. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी, लपून बसलेली अट. इथली उपाधी होती ऊन. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. कॉन्टेसाच्या मूळ रेडिएटरला गिअरबॉक्सचं तेल थंड करायची सोय नाही, कारण मूळ गाडीत असा गिअरबॉक्सच नव्हता. तेल तापलं की पातळ होतं, पातळ झालं की सीलमधून जास्त निसटतं, दाब कमी होतो, आणि क्लचच्या प्लेटा एकमेकींना धरून ठेवत नाहीत. राहूला तपासायचं असेल तर तेही करता येतं. पंचांगात सोमवारचा राहुकाळ सकाळी साडेसात ते नऊ. त्याच वेळात वकीलसाहेब दर सोमवारी मुलीला शाळेत सोडत, आणि तेव्हा गाडी बिनतक्रार चाले.

पण ऊन हेही अर्धंच कारण. मेच्या उन्हात शहरातल्या इतर ऑटोमॅटिक गाड्या चालतातच की.

म्हणून अन्वय-व्यतिरेकानं जायचं, म्हणजे कारण असताना काय होतं आणि नसताना काय होतं हे बघत. गाडी सपाट जागी, इंजिन गरम, चालू, लीव्हर पार्किंगवर, आणि मग डिपस्टिक. माझा पहिला संशय तेलाच्या पातळीवर होता, आणि तो आरोपी निर्दोष सुटला. पातळी बरोबर होती. रंग मात्र लाल असायला हवा तो तपकिरी, वास करपलेला. म्हणजे प्लेटा जळायला लागल्या होत्या, पण का जळत होत्या ते तेल सांगत नाही. मग स्टॉल टेस्ट: ब्रेक घट्ट दाबून ‘डी’मध्ये पूर्ण रेस द्यायची, पाच सेकंदांच्या वर अजिबात नाही, आणि काटा कुठे थांबतो ते बघायचं. फक्त पुढच्या गिअरला काटा जास्त गेला असता तर पुढचा क्लच दोषी. रिव्हर्सलाही तितकाच गेला. दोघांत समान काय? तेलाचा दाब. प्रेशर गेज लावलं. रेस नसताना दाब ठीक, रेस दिली तरी तो वाढेना. या गिअरबॉक्सला थ्रॉटलपासून एक केबल येते. इंजिन किती जोर लावतंय ही बातमी तीच आत पोचवते, आणि बातमीच्या प्रमाणात दाब वाढतो. मी केबल हातानं ओढली, दाब चढला. सोडली, उतरला. संपला खटला. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर केबलवरचा बारीक थांबा रबरी टोपीच्या तोंडाशी, फार तर 1 मिलिमीटरवर हवा. इथे बोटभर ढील होती. ज्यानं हा गिअरबॉक्स बसवला त्यानं केबल जोडली, पण मापली नाही.

मीमांसकांनी एक प्रश्न विचारला होता. यज्ञ आज संपतो, फळ कधीतरी पुढे मिळतं. मधल्या काळात त्या कर्माचं काय होतं? त्यांनी उत्तर दिलं: अपूर्व. कर्मातून उपजणारी, न दिसणारी, फळापर्यंत नेणारी शक्ती. पूर्वी मला ही पळवाट वाटायची. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडू लागल्यावर वाटेनाशी झाली. इंजिनाची ताकद चाकांकडे निघते तेव्हा टॉर्क कन्व्हर्टरमध्ये लोखंड लोखंडाला लागतच नाही. पंप तेल फिरवतो आणि तेल टर्बाइन फिरवतं. म्हणजे थोडं घसरणं त्याच्या रचनेतच आहे. प्रयत्न आणि फळ यांच्यामध्ये काहीतरी आहे, इतकं मीमांसकांनी ओळखलं होतं. त्यांचं अपूर्व डोळ्यांना दिसत नाही. माझं गेजवर मोजता येतं, एवढा माझा फायदा.

फळ येत नाही असं दिसलं की माणूस दोन गोष्टी करतो. एक तर नशिबावर टाकतो, नाही तर आणखी जोर लावतो. वकीलसाहेबांनी दोन्ही केलं. चढावर ते ॲक्सिलरेटर आणखी दाबत, आणि घसरणाऱ्या प्लेटांना त्याहून वाईट काही नाही; जितका जोर, तितकी उष्णता. गीता पुढच्याच श्लोकांमध्ये बजावते की जो स्वतःलाच एकटा कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. पोराला मार्क कमी पडले की दुसरा क्लास लावणाऱ्या बापांनी हा भाग वाचावा.

काटोलला माझ्या साळ्याची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराची फळगळ झाली की तो म्हणतो, देवाची मर्जी. मी म्हणतो, पाणी साचलं होतं का, मुळाला बुरशी आहे का, पतंग रस शोषून गेले का; नागपुरात लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिथे माती आणि पानं दाखव. पण गारपीट झाली, किंवा माल निघाला त्याच दिवशी भाव कोसळला, तर मी गप्प बसतो. तिथे दैव खरंच पाचवं म्हणून येतं. त्या दिवशी त्याला ‘मेहनत कमी पडली’ म्हणणारा माणूस ज्योतिषाइतकाच चुकीचा, आणि वर निर्दय.

कॉन्टेसाची केबल मापात बसवायला दहा मिनिटं लागली. वेगळा कूलरही लावला. वकीलसाहेबांना वाटलं, आता झालं. पण वेदान्तात ज्ञान झाल्यावरही प्रारब्ध भोगून संपवावं लागतं. कारण सापडलं म्हणून जळलेली प्लेट पुन्हा जाड होत नाही. गिअरबॉक्स खाली उतरवला, प्लेटांचा अख्खा संच आणि सील बदलले, आणि बिल केबलच्या किमतीच्या कितीतरी पट झालं.