सांगणाऱ्याचा रकाना

घरचे जुने फोटो संगणकावर लावून ठेवायचा उद्योग मी गेली वीस वर्षे करतो आहे. भारतात गेलो की सांगलीच्या घरातली ट्रंक उघडायची, फोटो स्कॅन करायचे, आईला शेजारी बसवायचे आणि ती सांगेल ते त्या त्या फोटोला जोडायचे, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. ज्या प्रोग्रॅममध्ये हे केले, त्यात आपल्याला हवे ते रकाने तयार करता येत. मी दोन केले होते : 'सांगणारा' आणि 'खात्री'. दुसऱ्यात तीनच शब्द चालत, 'पाहिलेले', 'ऐकलेले' आणि 'अंदाज'.

गेल्या हिवाळ्यात नवा संगणक घेतला आणि त्यावर तो प्रोग्रॅम चालेना. मग दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बिऱ्हाड हलवले. फोटो आले, तारखा आल्या, आईने सांगितलेल्या ओळीही आल्या. माझे दोन रकाने तेवढे आले नाहीत.

तसा यात कोणाचा दोष नाही. फोटोची माहिती दोन जागी राहू शकते : खुद्द फोटोच्या फाईलमध्ये, किंवा प्रोग्रॅमच्या स्वतःच्या वहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये. फाईलमध्ये काय कुठे लिहावे याचे संकेत ठरलेले आहेत. कॅमेऱ्याची माहिती एक्झिफमध्ये जाते. ओळ, ठिकाण, छायाचित्रकार हे वृत्तसंस्थांच्या जगातून आलेल्या आयपीटीसीमध्ये. अडोबीने २००१ साली आणलेल्या एक्सएमपीमध्ये स्वतःचे रकानेसुद्धा लिहिता येतात, आणि २०१२ साली ते आयएसओ मानकही झाले. पण एकाने लिहिलेले दुसऱ्याने दाखवलेच पाहिजे, अशी सक्ती नाही. माझे रकाने तर फाईलमध्ये उतरलेच नव्हते. जुन्या वहीतच राहिले होते.

दोन रकान्यांनी काय बिघडते, असे आधी वाटले. मग १९६२ सालचा फोटो समोर आला.

आईबाबांच्या लग्नाचा हा फोटो. नव्या प्रोग्रॅममध्ये त्याची तारीख होती १ जानेवारी १९६२. आईला नुसते साल आठवत होते. प्रोग्रॅमला दिवस हवा होता, म्हणून मीच कधीतरी तो भरला होता. शेजारी 'अंदाज' होते तोवर ठीक होते. आता माझा आळस हाच इतिहास झाला होता.

फोटोत अगदी कडेला, निम्मी दाराआड, एक बाई उभी आहे. खाली ओळ : 'आजोबांची विधवा चुलतबहीण. घरातच राहायची.' जुन्या वहीत याच फोटोला आणखी एक नोंद होती, काकांची : 'स्वयंपाकाच्या बाई. नात्यातल्या नव्हेत.' नव्या प्रोग्रॅममध्ये एकाच ओळीला जागा, म्हणून पहिली आली, दुसरी राहिली. वर चेहऱ्याभोवती चौकोन काढून तो मला विचारत होता, ही व्यक्ती कोण?

आई जाऊन सहा वर्षे झाली. तिची ओळ तशीच ठेवली, तर घरच्या माणसांनी आपल्याच बहिणीला दाराआड उभे केले असा आरोप मी आजी-आजोबांवर ठेवतो, तोही ऐकीव माहितीवर. काकांची ओळ घेतली, तर कदाचित एका बाईला दुसऱ्यांदा घराबाहेर काढतो. काहीच लिहिले नाही तर माझ्या मुलांपुरती ती बाई नाहीच. शिवाय फाईलमध्ये लिहिलेली ओळ फोटोबरोबर घरोघरी जाऊ शकते.

आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधने मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातला शब्द म्हणजे कोणाचाही नव्हे, आप्ताचा. ज्याच्यावर विश्वास ठेवावा अशा जाणत्याचा. म्हणजे कोण सांगतो हे वगळले, तर ते प्रमाणच उरत नाही. मराठीत मात्र आप्त म्हणजे नातेवाईक. आपण नातेवाइकाला विश्वासाचा माणूस धरून चाललो. आणि इथे दोन आप्त दोन गोष्टी सांगत होते.

शेवटी काकांना फोन केला.

"काका, त्या दारातल्या बाई नात्यातल्या नव्हेत, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, मी बारा वर्षांचा होतो. आम्हां मुलांना घरात तसंच सांगितलेलं. तुझ्या आईला कोणी सांगितलं?"

"आजीनं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी."

"मग तिला खरं सांगितलं असेल. किंवा मला. लिही तू. पण मी म्हणालो तेही राहू दे."

"त्यांचं नाव काय होतं?"

"नाव? आम्ही नुसतं काकू म्हणायचो."

इतकी वर्षे मी काकांच्या नोंदीपुढे 'पाहिलेले' लिहून ठेवले होते. त्यांनी त्या बाईंना पाहिले होते हे खरे. नाते मात्र ऐकलेलेच होते. माझा रकाना हरवला नसता, तर ही चूक मला कधी कळली नसती.

मग जुन्या वहीतून सगळ्या नोंदींचा तक्ता काढला आणि एक्झिफटूल नावाच्या मोफत साधनाने तो फोटोंच्या फाईलींत, सर्वसाधारण ओळीच्या जागी उतरवला. 'सांगणारा' वेगळा शोधता येणार नाही, पण वाचता येईल. त्या फोटोखाली आता असे आहे : 'लग्न, १९६२, दिवस माहीत नाही. दारातल्या बाई : आईने आजीकडून ऐकले, आजोबांची चुलतबहीण. काकांना लहानपणी सांगितले गेले, स्वयंपाकाच्या बाई. मुले काकू म्हणत.' नावाचा चौकोन रिकामा ठेवला आहे. प्रोग्रॅम अजून विचारतो.

आपल्यापैकी पुष्कळजण यंदा भारतात जातील आणि अशीच एखादी ट्रंक उघडतील. फोटोत कोण आहे ते लिहालच. ते कोणी सांगितले, आणि त्यांना कोणी सांगितले, हेही त्याच ओळीत लिहा. वेगळ्या रकान्यात ठेवू नका.