मोडलेल्या हाडाचे नाव

मोडलेल्या हाडास नाव देण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुताने अस्थिभंगाचे दोन मोठे वर्ग केले. एक सांधा निखळण्याचा, दुसरा हाडाचा दांडा मोडण्याचा; पहिल्याचे सहा प्रकार सांगितले, दुसऱ्याचे बारा. त्या बारांस कर्कटक, अश्वकर्ण, चूर्णित, वक्र, पाटित, स्फुटित अशी नावे अशा मार्मिकपणे दिली, की नाव ऐकताच तुटलेल्या हाडाचे रूप डोळ्यांपुढे उभे राहावे. घोड्याच्या कानाप्रमाणे वर उचलले गेलेले हाड ते अश्वकर्ण. हे वर्गीकरण करणाऱ्याचे लक्ष एकाच गोष्टीवर होते: कोणत्या हाडास कसे ओढावे, कसे बसवावे आणि त्यावर झाडाच्या सालीच्या वा बांबूच्या कांबी कशा बांधाव्यात. नाव उपचारासाठी होते.

नावाचा संबंध पैशाशी जडला तोही काही आजकाल नव्हे. बाबिलोनच्या हम्मुराबी राजाचा शिलालेख सुमारे पावणेचार हजार वर्षांचा आहे. त्यात वैद्याने हाड बसविले असता स्वतंत्र नागरिकाने पाच शेकेल रुपे द्यावे, त्याहून कनिष्ठ दर्जाच्या माणसाने तीन, आणि दासाच्या धन्याने दोन, असे स्पष्ट कलम आहे. हाड एकच, वेदनाही एकच. दर मात्र हाडाच्या धन्याकडे पाहून ठरे.

आजच्या इस्पितळांतून जी सांकेतिक अंकांची पद्धती रूढ आहे, तिच्याविषयी सुशिक्षितांत एक ठरीव तक्रार ऐकू येते: माणसाचा आकडा झाला. आम्हांस ही तक्रार अर्धवट वाटते. कोपरापासून मनगटापर्यंत आपल्या हातात दोन हाडे असतात, अंगठ्याच्या बाजूचे रेडिअस आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना. ही दोन्ही मध्यावर मोडली, की जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीच्या दहाव्या आवृत्तीत त्यास एस ५२.४ म्हणतात, ते हाड संस्थानिकाचे असो की वीट वाहणाऱ्या बाईचे. हम्मुराबीपेक्षा ही प्रगती नव्हे, असे कोण म्हणेल? अमेरिकेत तर अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ पासून शस्त्रक्रियांचीही अशी यादी चालविली आहे. दोन्ही हाडे मोडली आणि धातूची पट्टी एकास बसविली तर २५५७४, दोहोंस बसविली तर २५५७५. शेवटच्या एका अंकात एका पट्टीचे आणि तिच्या दामाचे अंतर आहे, आणि आमच्या पुण्यातील कितीतरी तरुण रात्रपाळीस बसून त्या दूरदेशीच्या मोडक्या हातांचे असले अंक जुळवीत असतात. आपल्या राज्यात २०१२ साली सुरू झालेली आणि पुढे २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली जनआरोग्य योजनाही याच तत्त्वावर चालते: उपचारास नाव, नावास ठरीव रक्कम. या पद्धतीमुळे ज्यांच्या हातात पट्टी बसली त्यांस ती एरवी बसली नसती, हे विसरून चालणार नाही.

आम्ही खडकवासल्यास राहतो. येथे १९१६ साली स्थापन झालेले जलविद्युत संशोधनाचे मोठे केंद्र आहे. त्यात नद्यांच्या आणि बंदरांच्या लहान प्रतिकृती करून त्यांत पाणी सोडून मापे घेतात. प्रतिकृतीत काठावरची झाडे नसतात, माणसे नसतात. म्हणून तिला कोणी खोटी म्हणत नाही. सांकेतिक अंक ही अशीच एक प्रतिकृती होय. प्रश्न काय वगळले हा नसून, आत सोडलेले पाणी खरे होते की नाही, हा आहे. आणि याच ठिकाणी आमच्या हातून जे घडले ते सांगणे प्राप्त आहे.

२०२१ मध्ये हे गाव पुणे शहरात सामील झाले. बांधकामे त्यापूर्वीही होत होती, पुढेही होत राहिली. २०२२ च्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या एका इमारतीवर काम करणारी बीडकडील एक बाई परांचीवरून खाली आली. उजव्या हाताची दोन्ही हाडे मोडली. मुकादमाने रिक्षा करून दिली आणि तो अंतर्धान पावला. सोबत गेलो आम्ही. इस्पितळाच्या खिडकीशी एक छापील अर्ज आमच्या हाती आला. त्यात अपघाताचे स्थळ व कारण असे एक सदर होते. आम्ही लेखणी उचलली, तोच ती म्हणाली, “घरातच पडले म्हणून लिवा, काका. पोलिसाचं झेंगट झालं तर मुकादम परत कामावर घ्यायचा न्हाई.”

आम्ही लिहिले: घरी पाय घसरून.

त्या रोगसूचीत पडण्यासही अंक आहेत. परांचीवरून पडणे डब्ल्यू १२. सपाट जमिनीवर घसरून वा ठेचाळून पडणे डब्ल्यू ०१. शस्त्रक्रिया योजनेतून झाली, बाईस एक पैसा पडला नाही, दोन्ही हाडांस पट्ट्या बसल्या. म्हणजे हाडाचे नाव खरे लिहिले गेले. पडण्याचे मात्र खोटे.

दयेपोटी बोललेल्या असत्याचा आपल्या परंपरेने धिक्कार केलेला नाही. महाभारतात कौशिक नावाच्या सत्यव्रती ब्राह्मणाची कथा आहे. दरोडेखोरांनी विचारताच पळणारी माणसे कोणत्या वाटेने गेली हे त्याने खरे सांगितले, आणि त्या सत्याबद्दल तो नरकास गेला. लोकमान्यांनीही गीतारहस्याच्या कर्मजिज्ञासा प्रकरणात सत्याच्या अशा अपवादांचा ऊहापोह केला आहे. अर्ज भरून परतताना या कथेने आमचे पुष्कळ समाधान केले, हे कबूल करतो. परंतु समाधान टिकले नाही. कौशिकाने असत्य सांगितले असते तर दरोडेखोर फसले असते आणि पळणारे वाचले असते. आमच्या असत्याने फसले कोण? ज्याने परांचीस कठडा बांधला नाही तो सुखरूप सुटला, त्याने द्यावयाचा खर्च लोकांच्या पैशातून गेला, आणि जिच्यासाठी म्हणून लिहिले तिचाच मार्ग बंद झाला.

मार्ग होता. कामावर जायबंदी झालेल्या मजुरास मालकाने भरपाई द्यावी, असा कायदा या देशात १९२३ साली झाला. त्याच्या मूळ परिशिष्टात शरीराची टक्केवारी दिलेली होती: उजवा हात कोपराखाली गेला तर साठ टक्के, डावा गेला तर पन्नास. वाचताना अंगावर काटा येतो खरा. पण त्या रुक्ष कोष्टकाने गरिबाच्या हातास निदान मोल आहे एवढे तरी मान्य केले होते. आम्ही आमच्या कनवाळूपणाने तेही मान्य केले नाही.

आणखी एक गोष्ट. ही रोगसूची मुळात देयकांसाठी जन्मलीच नव्हती. १८९३ साली जाक बर्तिलाँ या फ्रेंच गणनाशास्त्रज्ञाने जी यादी मांडली ती माणसे कशाने मरतात हे कळावे म्हणून. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत तीत आजारांचा आणि इजांचा विस्ताराने समावेश झाला. आमच्यासारखे दयाळू लोक गावोगावी अर्ज भरू लागले तर शहराच्या दप्तरी परांच्या कधीच ढासळणार नाहीत. गरिबांच्या घरांतील जमिनी तेवढ्या विलक्षण निसरड्या ठरतील.

कोणी म्हणेल, खरे लिहिले असते तर तिचे काम गेले असते, दावा वर्षानुवर्षे रेंगाळला असता, घरी चूल पेटली नसती. हे म्हणणे खोडून काढण्याइतका आमच्यापाशी पुरावा नाही. ज्याला त्या रात्री उपाशी झोपावयाचे नव्हते त्याने सत्याचा आग्रह धरणे सोपे असते, हेही आम्ही जाणतो. पण आम्ही तिला दुसरी बाजू सांगितलीच नाही. असा कायदा आहे, असा हक्क आहे, पुढे असे होऊ शकेल, यातले एक अक्षर आम्ही बोललो नाही. खिडकीमागे रांग होती, आणि तिच्या भयात आमचीही सोय होती: पोलीस, साक्ष, खेटे, यांतून आम्हीही सुटलो.

हाडे जुळली. परंतु त्या दोन हाडांचे काम केवळ वजन पेलण्याचे नसते. एक दुसऱ्याभोवती फिरते म्हणून आपला तळवा पालथा असतो तो उताणा होतो. तिचा तळवा अर्ध्यावर थांबतो. घमेले उचलता येत नाही, आणि मुकादमाने तिला कामावर घेतले नाही ते घेतलेच नाही. वर्षभराने ती कागद घेऊन आली, तेव्हा आम्ही तिला एका परिचित वकिलांकडे नेले. त्यांनी अर्जाची प्रत वाचली, ते सदर बोटाने दाखविले आणि विचारले, “हे अक्षर कोणाचे?”

आम्ही सांगितले. खाली तिच्या डाव्या अंगठ्याचा ठसा होता. उजवा हात झोळीत होता म्हणून ठसा घेतला होता, असे ती म्हणाली. एरवी तिला सही येते, सातवीपर्यंत शिकलेली आहे. हे आम्हांस तोपर्यंत ठाऊक नव्हते. त्या दिवशी अर्ज तिला वाचून दाखवावा, असेही आम्हांस सुचले नव्हते.