रुळलेला प्राध्यापक

परगावच्या विद्यापीठात नोकरी धरलेल्या माणसाला भेटेल तो एकच विचारतो, ‘काय, रुळलात का तिकडे?’ घरचे विचारतात, जुने सहकारी विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी गृहस्थही विचारतो. विचारण्यात माया असते, तेव्हा ‘हो, रुळलो’ म्हणून जिलेबीकडे वळावं हे उत्तम. पण हाच प्रश्न आता रविवारच्या पुरवण्यांत, उच्च शिक्षणावरच्या परिसंवादांत आणि शहरांच्या मानांकनांत जाऊन बसला आहे, आणि तिथे त्याचा उथळपणा खपवून घ्यायचं कारण नाही.

मानांकनांचं लवकर आटोपू. केंद्र सरकारच्या राहणीसुलभतेच्या निर्देशांकात २०१८ साली पुणं पहिलं आलं; २०२० च्या यादीत बंगळुरू पहिलं, पुणं दुसरं. पाणी, रस्ते, दवाखाने मोजणारी ही यादी घर घेणाऱ्याच्या कामाची आहे, विचार करणाऱ्याच्या नाही. ‘विद्वानाला सगळी गावं सारखीच’ असं म्हणणारे बहुधा आपल्या गावातच निवृत्त झालेले असतात. ‘घर सोडल्याने माणूस समृद्ध होतो’ हे मत पर्यटन महामंडळाचं आहे, त्यांच्याकडेच राहू द्यावं.

एक मत मात्र असं सहज बाजूला सारता येत नाही, कारण ते सभ्य माणसांचं मत आहे आणि बऱ्याच अंशी ते माझंही होतं. ‘तिथली भाषा शिका, शहर आपोआप तुमचं होईल.’ बंगळुरूतल्या रिक्षावाल्यांच्या वादात हेच सांगितलं जातं, मुंबईतल्या मराठीच्या भांडणात हेच. महाराष्ट्रात येणाऱ्याने मराठी शिकावी असं मला वाटतं, त्यामुळे आसामात शिकवणाऱ्या मराठी माणसाने असमिया शिकावी हेही ओघानेच आलं. यात वाद नाही. न शिकणं हा उर्मटपणा आहे. पण उर्मटपणा टाळला म्हणजे नातं जुळलं, हे कुठून आलं?

मी तेजपूरला शिकवतो. ब्रह्मपुत्रेच्या उत्तर तीरावरचं हे गाव पुराणातलं शोणितपूर, उषा-अनिरुद्धाच्या गोष्टीतल्या बाणासुराची राजधानी, असं इथे मानतात. विद्यापीठ गावात नाही. पंधराएक किलोमीटरवर नपामला आहे. बाजारात मासे घेण्यापुरती, बसमध्ये भांडण्यापुरती, वर्तमानपत्र वाचण्यापुरती असमिया मला येते. विद्यार्थी माझ्या उच्चारांना हसतात तेही आता कमी झालं आहे. तर या ज्ञानाचं मला काय मिळालं? कौतुक. मासेवाला शेजाऱ्याला सांगतो की हे सर महाराष्ट्रातले, पण बघा किती छान बोलतात. रौ माशाचा चांगला तुकडाही देतो. आता, असमिया बोलल्याबद्दल मासेवाला आपल्या मुलाचं कौतुक करतो का? कौतुक बाहेरच्याचं होतं. कार्यक्रमाला बोलावून खांद्यावर गामोसा, म्हणजे इथलं मानाचं वस्त्र, घालतात तेव्हाही हेच घडत असतं. गामोसा मिळत राहतो तोवर आपण पाहुणे.

भाषावाले म्हणतील, अजून शिका. म्हणजे दोष मात्रेत आहे, औषधात नाही. हे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते आसामच्याच इतिहासात आहे. इंग्रजी अमलात मुलकी अधिकाऱ्यांना आपापल्या प्रांताच्या भाषेची परीक्षा द्यावी लागे. कित्येकांनी ती उत्तम दिली, व्याकरणं लिहिली, म्हणी गोळा केल्या आणि पेन्शन घेऊन मायदेशी गेले. भाषा आली, शहर त्यांचं झालं नाही. उलट भाषा हे राज्य करण्याचं साधन झालं. त्याच काळात शिवसागरला अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी होते. त्यांनीही भाषाच शिकली. १८४६ मध्ये ‘अरुणोदय’ हे नियतकालिक काढलं, १८६७ मध्ये माइल्स ब्रॉन्सनचा असमिया कोश आला. पण १८३६ पासून आसामच्या कचेऱ्यांत आणि शाळांत बंगाली आली होती, आणि ती जाऊन असमिया परत यावी म्हणून हे मिशनरी सरकारशी लेखणीने झगडत राहिले. १८७३ मध्ये असमिया परत आली. अधिकारी आणि मिशनरी दोघांनाही भाषा सारखीच येत होती. मग फरक कशाने पडला? मिशनऱ्याला लोक हवे होते. लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत पोचल्याशिवाय त्याचं कामच चालत नव्हतं. हेतू धर्मांतराचा होता, तो मला प्रिय नाही, पण मुद्दा हेतूचा नाही. त्याचं गावावाचून अडत होतं, अधिकाऱ्याचं अडत नव्हतं.

माझं सगळं म्हणणं एवढ्या एका फरकावर उभं आहे. रुळणं वेगळं आणि कुणाचं तरी आपल्यावाचून अडणं वेगळं. रुळायला दुसरा माणूस लागत नाही. दमट हवेची सवय होते, मोहरीच्या तेलाची होते, पहाटे चारला उजाडतं त्याची होते. हे सगळं बंद खोलीत एकट्यालाही साधतं. अडण्यासाठी मात्र पलीकडे कोणीतरी असावं लागतं, ज्याचा आपल्यावर हक्क आहे आणि तो हक्क पगारातून आलेला नाही. वर्गातल्या विद्यार्थ्याचं माझ्यावाचून अडतं, असं कोणी म्हणेल. सहा महिन्यांत दुसरा प्राध्यापक येतो आणि अडत नाही, हे आपण सगळे जाणतो.

तेजपूरमध्येच याचं सर्वांत मोठं उदाहरण आहे, आणि ते प्राध्यापकाचं नाही, व्यापाऱ्याचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नवरंगराम अगरवाला नावाचा मारवाडी ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आला. त्याने भाषेचा वर्ग लावला नव्हता. त्याची उधारी गावात होती, गावाचा माल त्याच्या वखारीत होता. त्याचं गावावाचून अडे आणि गावाचं त्याच्यावाचून. भाषा या व्यवहाराच्या मागून आली, सोयरीकही मागून आली. त्याच घराण्यातल्या चंद्रकुमार अगरवालांनी १८८९ मध्ये ‘जोनाकी’ मासिक काढलं आणि आधुनिक असमिया साहित्याचा एक कालखंड त्या मासिकाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच घरातल्या ज्योतिप्रसादांनी १९३५ मध्ये ‘जयमती’ हा पहिला असमिया चित्रपट काढला, चहामळ्यात स्टुडिओ उभारून, घरचा पैसा घालून. १७ जानेवारी हा त्यांचा स्मृतिदिन आसाम ‘शिल्पी दिवस’ म्हणून पाळतो. भाषा हे कारण मानणाऱ्यांनी या घराण्याचा क्रम नीट पाहावा. वही आधी, कविता नंतर.

आपल्याकडचे दाखलेही याच बाजूने बोलतात. देवघरजवळ वाढलेले सखाराम गणेश देऊस्कर, ज्यांचं ‘देशेर कथा’ १९०४ मध्ये बंगालीत आलं आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली; काशीत हिंदी पत्रकारिता घडवणारे बाबुराव पराडकर. दोघांच्याही घराण्यांनी महाराष्ट्र सोडला होता तो विद्यापीठाच्या जाहिरातीला अर्ज करून नव्हे.

व्यापाऱ्याची फार भलामण झाली, हे मला कळतं. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी मारवाडी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले, तेव्हा त्या सावकारांचंही गावावाचून अडत होतं आणि गावाचंही त्यांच्यावाचून. म्हणूनच तर जाळपोळीची वेळ आली. अडणं हा सद्गुण नाही. त्यात शोषण असू शकतं, वैर असू शकतं. पण वैर हेही नातं आहे, आणि रुळलेल्या प्राध्यापकाशी वैर करायलाही गावाला कारण सापडत नाही. त्याच्या वह्या कोणी जाळणार नाही. त्याच्या वह्यांत गावाचं काही नाहीच.

असं का व्हावं? प्राध्यापक स्वभावाने कोरडे असतात म्हणून नक्कीच नाही. कारण व्यवस्थेत आहे. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, मग तो दिल्लीत असो की तेजपुरात. हा पैसा गावातून येत नाही. गावात दुष्काळ पडला, पूर आला, बाजार बसला, तरी पहिल्या तारखेला फरक पडत नाही. गावाचा संबंध येतो तो घरभाड्याच्या भत्त्यापुरता: पन्नास लाखांवर लोकसंख्या असलेलं शहर एक्स, पाच लाखांखालचं झेड, आणि तेजपूर अर्थातच झेड. क्वार्टर मिळालं की तोही प्रश्न मिटला. आवारात बँक, दवाखाना, कँटीन, मुलांना खेळायला मैदान. २००९ च्या कायद्याने निघालेली केंद्रीय विद्यापीठं पाहा. कर्नाटकचं कलबुर्गीला आहे असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात ते आळंद रस्त्यावर कडगंचीला. राजस्थानचं अजमेरजवळ हमरस्त्याकाठी बांदरसिंदरीला. ‘अनोळखी शहरात नोकरीला गेलो’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा शहरात गेलेलाच नसतो.

शिवाय रुजू होताना एक कागद भरून घेतात. प्रवास सवलतीसाठी आपलं ‘स्वग्राम’ घोषित करायचं. हे स्वग्राम पुढे सबंध नोकरीत एकदाच बदलता येतं. सवलत चांगली आहे, मी ती घेतो. पण पहिल्याच आठवड्यात सरकार तुमच्याकडून लेखी घेतं की तुमचं गाव दुसरं आहे, आणि नंतर तेच सरकार परिसंवादात विचारतं की प्राध्यापक स्थानिक समाजाशी जोडले का जात नाहीत.

इथे एक सावधगिरी पाळायला हवी. आसामात ‘बाहेरचा माणूस’ हा शब्द हलका नाही. १९७९ ते १९८५ एवढा काळ इथे याच प्रश्नावर आंदोलन चाललं, आणि ज्या करारात ते संपलं त्याच्याच पूर्तीत १९९४ साली हे विद्यापीठ उभं राहिलं. बाहेरच्यांविरुद्धच्या आंदोलनाने मिळवलेल्या विद्यापीठात बाहेरून प्राध्यापक आले, हा विरोधाभास मी दर दिवशी खातो-पितो. त्यामुळे बाहेरच्याने उत्साहाने पुढे होऊन ‘माझ्यावाचून तुमचं अडतं’ असं जाहीर करणं हे बळकावणंच ठरेल. हक्क गावाने सांगायचा असतो, आपण मागायचा नसतो. महाराष्ट्रात हे सगळ्यांना ठाऊक आहे: गणपती मंडळ तुम्हाला आरतीला बोलावतं तो मान झाला, वर्गणीचं पावतीपुस्तक तुमच्या हातात देऊन ‘तेवढी मागची गल्ली करा’ म्हणतं तेव्हा तुम्ही तिथले झालात.

आणि घरी परतणं म्हणजे हार, असंही यातून निघत नाही. धर्मानंद कोसंबी सिंहलद्वीपात भिक्षू म्हणून राहिले, ब्रह्मदेशात राहिले, पुढे कलकत्त्यात पाली शिकवू लागले. रुळण्यात त्यांचा हात धरणारा मराठी माणूस शोधून सापडणार नाही. तरी सयाजीराव गायकवाडांनी महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी देऊ केलेलं, कलकत्त्यापेक्षा पुष्कळ कमी, मानधन त्यांनी पत्करलं. बौद्ध विद्येवाचून ज्यांचं अडतं आहे असं त्यांना वाटत होतं ती माणसं मराठी बोलत होती.

उपाय काय, असं विचारणाऱ्यांना मी निराश करणार आहे. उपाय योजले गेले आहेत, तेच तर दुखणं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने विस्तारकार्याला पदोन्नतीसाठी गुण ठेवले. गुण ठेवले की काम गुणांपुरतं होतं आणि प्रमाणपत्रासह संपतं. राष्ट्रीय सेवा योजनेत आपण गाव दत्तक घेतो, सात दिवसांचं शिबिर करतो. आठव्या दिवशी गावाचं काहीही अडत नाही.

माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये स्थापत्य अभियांत्रिकीचे एक तेलुगू प्राध्यापक राहतात. त्यांची असमिया मोडकी आहे, निम्मी हिंदी. जिया भराली नदी पावसाळ्यात काठ खाते, आणि काठावरच्या एका गावाला कधीतरी कळलं की बांधाच्या कामाचं अंदाजपत्रक खरं की खोटं हे या माणसाला वाचता येतं. तेव्हापासून रात्री-बेरात्री त्यांच्या दाराशी मोटारसायकली थांबतात. ठेकेदार त्यांच्यावर चिडून आहे. कार्यक्रमात त्यांना गामोसा घालायचं हल्ली कोणाला सुचत नाही, आणि आपल्या वार्षिक अहवालात हे काम कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्यांना कळत नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त होतील, क्वार्टर सोडतील. गावाने त्यांना विचारलं आहे की पाऊस सरेपर्यंत गावातच एक खोली घेऊन राहता येईल का. मला असं काही कोणी विचारलेलं नाही, आणि माझी असमिया त्यांच्याहून कितीतरी बरी आहे.