कुंपणाला किती गुण?

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर नवं महाराष्ट्र सदन आहे. हा पूर्वीचा कर्झन रोड. तो इंडिया गेटच्या चौफेर रस्त्याला मिळतो. तिथूनच निघणारा झाकीर हुसेन मार्ग दिल्ली गोल्फ क्लबकडे जातो. मैदान देखणं आहे: जुनी झाडं, मोर, हिरवळीत उभ्या मोगलकालीन कबरी. देशातल्या उत्तम मैदानांत त्याचं नाव घेतात. पण या देखणेपणातलं क्लबचं किती? कबरी मोगलांच्या काळातल्या, जमीन सरकारी भाडेपट्ट्याची. शहराच्या मधोमध असलेल्या या ठेव्याचं सभासदत्व मिळायला मात्र दशकं जातात.

मैदानांची क्रमवारी लावणारे परीक्षक आखणी, आव्हान, सौंदर्य, निगा यांना गुण देतात. कुंपणाच्या उंचीला कुणी उघडपणे गुण देत नाही. तरी कुंपण मागच्या दाराने गुणपत्रिकेत शिरतंच. जिथे खेळणारे मोजके, तिथलं गवत कमी तुडवलं जातं. निगेचे गुण वाढतात. परीक्षक बहुधा पाहुणा असतो, आणि यजमानाच्या पानातलं मीठ पाहुणा सहसा काढत नाही. शिवाय दुरून डोंगर साजरे असतातच.

अमेरिकेतलं पाइन व्हॅली वर्षानुवर्षं अग्रस्थानी वा त्याच्या आसपास असतं. तिथली आखणी खरोखर थोर आहे, हे नाकारायचं कारण नाही. पण तिथे स्त्रियांना सभासदत्व खुलं व्हायला २०२१ साल उजाडलं. तोवर निम्म्या मानवजातीला सभासद म्हणून दार बंद होतं, आणि त्यापायी त्याचा क्रमांक घसरला नाही.

यावर म्हणता येईल, की परीक्षकाने मैदान पाहावं, समाज सुधारू नये. मान्य. पण मग बंद दारामुळे वाढलेले गुणही वजा व्हायला हवेत. उत्तम आणि दुर्मीळ या दोन गोष्टी आहेत. दुर्मीळपणा पैशाने आणि पहारेकऱ्याने निर्माण करता येतो; उत्तमपणा तसा येत नाही.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स सार्वजनिक जमिनीवर आहे. सोडतीत नाव निघालं, की शुल्क भरून परकाही तिथे खेळतो. रविवारी एरवी खेळ बंद असतो. गावकरी कुत्री घेऊन त्याच हिरवळीवर फिरतात. आणि जगातल्या थोर मैदानांच्या यादीत ते कायम वरच्या रांगेत असतं, गवत तुडवलं जाऊनही.