घरचा हिशेब मुलांपुढे मांडा

अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठात अर्थशास्त्राची पदवी घ्यायला गेलेला विद्यार्थी पहिल्या काही आठवड्यांतच 'संधी खर्च' शिकतो. हार्वर्डमध्ये अनेक वर्षे हा प्रास्ताविक विषय शिकवणाऱ्या ग्रेगरी मॅनक्यू यांच्या पाठ्यपुस्तकात ही कल्पना पहिल्या दहा तत्त्वांतच येते. एखादी गोष्ट मिळवताना जे सोडावे लागते, ती तिची खरी किंमत. पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून गेलेली आपली मुले यावरचे प्रश्न अचूक सोडवतात. पण आपल्या पदवीसाठी घरी काय सोडले गेले, हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसते. कारण आपण ते त्यांना सांगत नाही.

आकडा लहान नाही. नामांकित खासगी विद्यापीठांत शुल्क, राहणे, जेवण आणि विमा धरून वर्षाचा खर्च आज ९० हजार डॉलरच्या घरात जातो, आणि वर्षे चार. व्हिसासाठी लागणाऱ्या कागदांत मुख्यतः पहिल्या वर्षाचा पैसा हातात असल्याचे दाखवावे लागते. पुढच्या तीन वर्षांचे बघू, असे म्हणून घर पुढे निघते. ऑगस्ट २०२१ मध्ये डॉलर सुमारे ७४ रुपयांना होता, मे २०२५ मध्ये ८५ च्या आसपास. विद्यापीठाने एक डॉलरही वाढवला नसता, तरी याच चार वर्षांत शिकलेल्या मुलाच्या घरचा वर्षाचा बोजा दहा लाखांनी वाढला असता.

आर्थिक मदत मागायची तर अनेक विद्यापीठे कॉलेज बोर्डाचा 'सीएसएस प्रोफाइल' भरायला सांगतात. त्यात आईवडिलांचे उत्पन्न, बचत, घर, कर्ज सगळे लिहावे लागते. म्हणजे जे सातासमुद्रापलीकडच्या कार्यालयाला कळवायचे, ते शेजारच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या लेकराला कळू द्यायचे नाही! हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशा मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता प्रवेश ठरवतात आणि गरजेइतकी मदत देतात. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाची शक्यता घटते. त्या भीतीने पालक सुरुवातीला काहीच मागत नाहीत. आणि अनेक विद्यापीठांचा नियम असा, की परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी मदत मागितली नसेल तर पुढे ती मिळत नाही. भीतीपोटी भरलेला तो एक रकाना चार वर्षे घराच्या मानगुटीवर बसतो.

या सगळ्यात सर्वांत जास्त किंमत कोण देते? पुष्कळ घरांत ती किंमत धाकटी बहीण देते. दादाच्या तिसऱ्या वर्षाचे शुल्क भरायचे असते तेव्हाच ती बारावी होते. तिला जवळचे, स्वस्त महाविद्यालय दाखवले जाते. हुशार असली तरी 'तुला तर सासरीच जायचंय' हे वाक्य तयार असते. तिच्या नावाची ठेव मोडताना कोणी तिला विचारत नाही. मला हा उघड अन्याय वाटतो. तो प्रेमापोटी होतो म्हणून त्याचे अन्यायपण कमी होत नाही.

पालक म्हणतात, मुलाच्या मनावर ओझे नको. भावना खरी आहे. पण ओझे असतेच. फक्त ते त्याला पदवी हाती आल्यावर, कर्जाचा पहिला हप्ता दारात उभा राहिल्यावर कळते. आधी कळले असते तर त्याने वेगळे ठरवले असते. उदाहरणार्थ, पुण्यात १९३० पासून गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. पदवी इथे घेऊन पुढे अमेरिकेत पीएच.डी.ला जाता येते, आणि तिथल्या मोठ्या खासगी विद्यापीठांत अर्थशास्त्राच्या पीएच.डी.चे शुल्क सहसा माफ असते, वर निर्वाहवेतन मिळते.

बाबासाहेब आंबेडकरांनी बी.ए. मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून केले आणि १९१३ मध्ये ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला गेले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीची अट, परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची सेवा करण्याची, त्यांनी निघण्यापूर्वी करारावर सही करून स्वीकारली होती. आपल्या शिक्षणाची किंमत काय आणि ती कोणाला द्यायची, हे त्यांना बोटीत बसण्याआधी माहीत होते. आपल्या मुलांना एवढा मान तरी आपण द्यायला हवा.

मुले परदेशी जाऊ नयेत, असे मी म्हणत नाही. जरूर जावीत. पण अर्ज पाठवण्यापूर्वी एका रविवारी बँकेचे पासबुक, कर्जाचा मसुदा, शेत असेल तर सातबारा, सगळे कागद जेवणाच्या जागी मधोमध ठेवा. मुलाला समोर बसवा. आणि धाकटीलाही हाक मारा. त्या कागदांत तिचाही वाटा आहे.